सुई कुठं गेली?

अगं ऐक ना! लहान मुलांच्या दवाखान्याच्या मदतीसाठी वस्तू द्यायच्या खिडकीपुढे रांग होती, आणि माझ्यापुढे सासू-सून, दोघींत मिळून एक गोधडी!

“सुई आतच राहिलीय गं.”

“आई, मी तुमच्या हातात दिली होती.”

“मग डबीत का नाही? एखाद्या लेकराला टोचली म्हणजे?”

“खिडकी बंद व्हायला आलीय हो.”

“होऊ दे. अशी गोधडी मी देणार नाही. उसव तो कोपरा.”

“इतकी खपून शिवलेली?”

“उसव म्हणते ना! शेवटचे टाके कुणी घातले?”

“तुम्हीच. म्हणालात, माझे टाके बेडकासारखे उड्या मारतात.”

“टोमणे नंतर. आत हात घाल.”

“घातला. काही नाही लागत.”

“नीट चाचप!”

खिडकीतले काका ओरडले, “गोधडीवाल्या, देताय की लावू खिडकी?”

“थांबा हो भाऊ!”

“आई, हलू नका.”

“का? काय झालं?”

“तुमच्या बाहीला लाल दोरा लोंबतोय.”

सुनेनं अलगद सुई ओढून काढली.

“बघतेस काय? दोरा आहे ना अजून? शिव तो कोपरा.”

“मी? माझे टाके उड्या मारतात.”

“मारू देत. शिव लवकर.”