आमचं झाशीचं मराठी

नाही नाही, उठू नका डॉक्टरसाहेब, येतीलच दोघं – लक्ष्मी तालाकडे, तळ्यापर्यंत एक चक्कर मारायला गेलेत, आमचा आशय पळतो आणि हे मागून स्कूटरवर – तुमची दिल्लीची गाडी रात्रीची आहे ना, मग घाई कसली? चहा गार झाला वाटतं, दुसरा टाकते. नको? बरं. कूलर तरी जरा तुमच्याकडे फिरवते, पुण्याच्या माणसाला झाशीचा मे महिना म्हणजे शिक्षाच – मराठीतली शिक्षा म्हणतेय हो, हिंदीतली नव्हे, इथं शिक्षा म्हणजे शिक्षण – हां, हसलात, बरं वाटलं. आल्यापासून परीक्षकासारखे बसलायत. तसे परीक्षकच म्हणा तुम्ही. टीमचे डॉक्टर, खास त्याला बघायला वाटेत उतरलात. तुम्ही हो म्हणालात तर पोरगा भारताच्या शिबिराला जाणार, नाही म्हणालात तर संपलं. तिशी उलटली त्याची, ह्याच्यापुढे कोण बोलावतंय.

विचारा ना, काय विचारायचंय ते विचारा, आमच्या घरात लपवाछपवी नाही. बर्फाचा नाद कुठून लागला? अहो बर्फ कुठला इथं – रेल्वेच्या इन्स्टिट्यूटचा हॉल होता, तिथं चाकाच्या बुटांवर पोरं गरागरा फिरायची, त्यात हा. झाशीत हॉकी म्हणजे मैदानावरची, दुसरी कुणाला ठाऊकच नाही, आणि आमचा बर्फावरची खेळतो म्हटल्यावर सगळ्या गल्लीला करमणूक. समोरच्या मिश्राइन तर मला विचारायच्या, ‘भाभीजी, लड़का बरफ का गोला बेचता है क्या?’ – विचारू दे. लेहला गेला, निवडला गेला, भारताचा शर्ट घातलेला फोटो आला, तेव्हा त्याच मिश्राइनना ह्यांनी स्वतः जाऊन पेढे दिले. मग दुबईच्या क्लबनं नेला – पगार देऊन हो, खेळायचा पगार! आमची घराणी पेशव्यांबरोबर आलेली, पूजाअर्चा आणि कारकुनी ह्यापलीकडे कुणी पाय टाकला नव्हता. हे तर अजून सांगतात, माझा मुलगा फॉरेनला सर्व्हिसला होता, खेळायला होता म्हणत नाहीत, त्यांना ते खरंच वाटत नाही.

मग तो क्लबच बंद पडला. मालकाचं काही बिनसलं म्हणे. हा परत आला, तर इकडे नवी पोरं तयार, ह्याचं नाव गळलं – आणि तो उन्हाळा, डॉक्टरसाहेब, तो उन्हाळा माझ्या वैऱ्याला नको. मागच्या खोलीत पडून असायचा, जेवायला हाक मारली की भूक नाही, मित्राचा फोन आला की घेत नाही. मी त्या खोलीत जायचे, आधी वर पंख्याकडे बघायचे, मग त्याच्याकडे. कळलं ना काय म्हणतेय ते? शेवटी एक दिवस मिस्त्रीला बोलावून पंखा उतरवूनच घेतला. बिघडलाय म्हणून सांगितलं आणि टेबलफॅन आणून ठेवला. मला वाटतं त्याला कळलं असणार. भीती वाटायची हो मला, रात्रंदिवस भीती. म्हणून सांगते, तुम्ही हो म्हणा. माझ्या पोराला ह्या खेळाशिवाय ठेवू नका, मी बघितलंय त्याचं काय होतं ते.

नंतर सावरला. गुडगाँवला मॉलमधल्या बर्फावर लहान मुलांना शिकवायचा, त्यांचे बूट बांधायचा – भारताकडून खेळलेला माणूस. पण गेल्या हिवाळ्यात लेहच्या स्पर्धेत असा काही खेळला की तुम्हा लोकांना बोलवावंच लागलं. निरोप आला त्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन आंबे घेऊन आला.

पडला होता? हो, कानावर आलं असेल तुमच्या. लेहलाच, कुणीतरी धक्का दिला आणि कडेच्या फळीवर डोकं आपटलं – पण लगेच उठला की! तीच मॅच पुरी खेळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ह्या खेपेला उलटीबिलटी सुद्धा नाही झाली. ह्या खेपेला म्हणजे – ते दुबईतलं वेगळं हो. ते जुनं. तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं त्यानं सांगितलं असेल. जाऊ दे, तेव्हासुद्धा उभा राहिलाच ना शेवटी. डोकं दुखत नाही त्याचं. खोलीत अंधार करून बसतो तो उन्हामुळे, इथं सगळेच बसतात.

विसरतो का? छे. बोलताना थोडा अडखळतो, मी खोटं कशाला बोलू, पण ते आमचं झाशीचं मराठी आहे हो. तुम्ही अस्सल पुण्याचे, तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल. इकडच्या पोरांना मराठी समजतं, पण बोलायला गेली की गाडी अडते. आता बघा, हिंदीत कल म्हणजे कालही आणि उद्याही – तर आमची मुलं खुशाल म्हणणार, ‘काल मामाकडे जाणार आहे.’ आशय लहानपणापासून म्हणतो. आता जरा जास्त म्हणतो, एवढंच. इतकी वर्षं परक्या माणसांत राहिला, घरची भाषा गंजणारच. परवाचीच गंमत – गॅसवर दूध उतू चाललेलं, माझे हात पिठात, मी ओरडले, अरे उतरव, तर हा हात पुढे करून नुसता उभा. ‘आई, ते दे, ते – ते –’ आणि बोटांनी असं असं करून दाखवतोय. दूध सगळं शेगडीवर. सांडशी हवी होती त्याला, आणि शब्दच सापडेना. मी हसले, म्हटलं, बाळा, मराठी पार धुऊन टाकलंस की रे. तर तो हसला नाही, माझ्याकडे बघत राहिला, मग बाहेर गेला.

काय म्हणालात? हिंदीत? हिंदीत सांडशीला – संडसी म्हणतात.

संडसी.

अय्या, ते तर एकच झालं की. म्हणजे – नाही, असं होतं कधी कधी, घाईत माझंसुद्धा होतं, तुमचं नाही होत? असे बघू नका माझ्याकडे. दोन्हीकडे एकच शब्द, आणि जन्मल्यापासून ह्या घरात तो रोज ऐकलाय त्यानं. मग मराठी कसं हो विसरला तो? मी सगळ्यांना तेच सांगत सुटलेय, ह्यांना सांगितलं, मिश्राइनना सांगितलं, मराठी विसरलाय, मराठी विसरलाय –

हे का जातात त्याच्यामागून स्कूटरवर, विचारलं नाहीत तुम्ही. तुम्हाला वाटलं असेल, बापाला कौतुक. होळीनंतर एकदा हा पळून येताना आपल्याच ह्या प्रेम नगरच्या तोंडाशी उभा राहिला – ओळखीच्या रिक्षावाल्या भैयानं बघितलं – घराकडे तोंड करून उभा, आणि त्यालाच विचारतो, किधर जाना है. भैयाला वाटलं चेष्टा करतोय. आणून सोडला त्यानं दारात. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. होळीत कुठलं ऊन, डॉक्टरसाहेब? तेव्हापासून हे मागून जातात. आम्ही दोघं ह्या विषयावर एक अक्षर बोललो नाही अजून. हे नुसते किल्ली घेतात आणि निघतात.

पुन्हा आपटलं तर काय होतं? तिसऱ्यांदा? सांगा ना. नाही, नका सांगू. तुम्ही मान खाली घातलीत तेवढं पुरे. मी इथं बसून तुम्हाला पटवत होते, माझ्या तोंडानं म्हणत होते, घेऊन जा त्याला. आणि न्यायचं नाही म्हटलं तर तो उन्हाळा परत येणार. मी काय करू? तुम्ही शिकलेली माणसं, ह्याला काही तोड असेल तुमच्याकडे?

स्कूटर आली बघा. ऐका, पटकन ऐका माझं. तुम्ही नाही म्हणणार, म्हणा, मी आडवी येत नाही. खरं म्हणजे म्हणाच. पण लगेच नको. आधी तपासा त्याला – डोळ्यांत बॅटरी मारा, एका पायावर उभा करा, जे काय तुमचं असतं ते सगळं करा, सावकाश करा. तुम्हालाच सापडलं असं व्हायला पाहिजे. उद्यापासून त्याच्याजवळ मला बसायचंय, डॉक्टरसाहेब, त्या खोलीत. तो मला आत येऊ देईल एवढं तरी राहू द्या.

ये रे बाळा, घाम पूस आधी. हे तुमचे डॉक्टर. नाही रे, आत्ताच टेकलेत – अजून काहीच बोलणं झालं नाही आमचं.