पेवातला कंदील अजून जळतोय

(लढाईची वर्षं. सांगलीबाहेर हरिपूरच्या वाटेवर, हळद साठवायच्या एका खोल पेवाच्या तोंडाशी. भर दुपार. पलीकडे गिरणीचं इंजिन चालू आहे.)

तानुबाई : तुमीच मारताय त्येस्नी, दिवाणजी. तुमी आन् तुमचा त्यो मालक. अजून मेलं न्हाईत, म्हनून 'मारताय' म्हणते.

दिवाणजी : तोंड सांभाळ, बाई. तुझा नवरा हळद काढायला पेवात उतरला. रोजच उतरतो. मी काही ढकललं नाही त्याला.

तानुबाई : इंजिनाच्या धुराचं नळकांडं कुणी फिरवलं? बंगल्यात धूर शिरतो, मालकिणीला खोकला लागला, म्हनून गेल्या बाजाराला हिकडं वळवलं. ह्ये काय, नीट पेवाच्या तोंडावर आलंय.

दिवाणजी : इकडं मोकळं माळरान आहे म्हणून वळवलं.

तानुबाई : मोकळं? मग आमी काय, बाभळी?

दिवाणजी : उतरायच्या आधी कंदील सोडला होता ना खाली?

तानुबाई : सोडला. आमची रीतच हाय ती. कंदील इझला तर उतरायचं न्हाई, जळला तर उतरायचं. जळत राहिला, म्हनून उतरलं.

दिवाणजी : मग झालं तर. खाली हवा चांगली आहे.

तानुबाई : चांगली हाय, तर आकाराम मुकादम त्येस्नी काढायला अर्ध्यापतूर गेला आन् ओकत वर का आला? त्यो बघा, चिंचंखाली पडलाय. आवं, ऐकलं का? कंदील जळतोय का अजून?

बिराप्पा (खालून) : जळतोय की. लय सरळ जळतोय. वरडू नगंस, तान्ये. मेंढरं बुजत्यात.

दिवाणजी : कसली मेंढरं?

तानुबाई : आमची. वडूजला दुष्काळात मेली ती. मघाधरनं त्येंच्याशीच बोलत्यात. आवं, दोर कमरंला बांधा. वर ह्या भाऊसो हमालानं धरलाय, आमी वढतो.

बिराप्पा : सोडला म्या त्यो. मेंढवाड्यात माणसाला दावं कशाला? हितं ऊब हाय. बा आलाय. तंबाखू मागतोय.

दिवाणजी : त्याचा बाप...

तानुबाई : त्याच दुष्काळात गेला.

दिवाणजी : प्यायलाय का हा?

तानुबाई : व्हय, प्यालेत. तुमचा धूर. पेवातला जुना वंगाळ वारा आधी दिवा खायचा, मग माणूस. त्येची बी एक रीत व्हती, आमाला कळायचं. ह्यो नवा वारा दिव्याला शिवत बी न्हाई. इंजिन बंद करा, दिवाणजी. धूर थांबल्याबगार खाली कोन उतरना.

दिवाणजी : इंजिन म्हणजे तुझी चूल नव्हे, फुंकली की पेटली. लढाईमुळं तेल मिळत नाही, कोळशाच्या वायूवर ढकलतोय कसंतरी. थंड पडलं की संध्याकाळपर्यंत उभं राहत नाही. बंगल्यावर मोठे साहेब जेवायला बसलेत. पंखे त्याच्यावर, दिवे त्याच्यावर.

तानुबाई : भर दुपारी दिवं?

दिवाणजी : साहेबांना दाखवायला लावलेत. नव्या गिरणीचा परवाना आज ठरायचाय. गावाचं भलं आहे त्यात, तुमचंही आहे. तुम्ही वडूजहून उपाशी आलात तेव्हा या धुरानंच भाकरी दिली, विसरू नको.

तानुबाई : दिली की. खातोच आमी ती, काजळी झटकून. खोपटात राकेल न्हाई, कवा दिवा लागत न्हाई, तरी आमची भिताडं काळी. तुमचा उजेड तारंवरनं बंगल्यात जातो. धुराला कुठली तार? त्यो आमच्याकडं येतो.

बिराप्पा : तान्ये, वर दिवाणजी हायती न्हवं? बा म्हणतोय, त्येंनला बी जागा राखलीया.

दिवाणजी : त्याला गप्प बसायला सांग.

तानुबाई : आवं, असं वंगाळ बोलू नगा. दोर हुडका. तुमच्या पायापाशीच आसंल... आवं?

दिवाणजी : का, काय झालं?

तानुबाई : बसलं गप. तुमचं ऐकलं त्येनी. आवं, ऐकलं का? बा काय म्हणतोय, सांगा की. धनी... बिराप्पा. ए बिराप्पा.

दिवाणजी : मी जातो बंगल्यावर. साहेबांचं जेवण उरकलं की मालकांच्या कानावर घालतो.

तानुबाई : लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा नाव घेतलं म्या त्येंचं. त्याला बी ओ न्हाई.

दिवाणजी : हे काय करतेस? दोर वर का ओढलास? कंबरेला कशाला बांधतेस?

तानुबाई : म्या उतरते. भाऊसो, दोर हळू सोड, गड्या. दिवाणजी, बंगल्याकडं नगा बघू, हिकडं बघा. माझं डोस्कं पेवात जायच्या आत तुमच्या तोंडानं सांगा, इंजिन बंद करताय का न्हाई?