मधोमध ठेवलेला पियानो

आज या निरोपाला सगळ्यांत आधी आली आमच्या पाड्यावरची काळी, ओल्या केसांनी, धावत. तिच्या मागून नवशी. पत्रिकेत ज्यांची नावं छापलीत ते आले सगळ्यांत शेवटी, आणि खुर्च्या मात्र त्यांना पुढच्या. हे सांगून टाकलं म्हणजे मन मोकळं झालं. आता रीतसर.

सन्माननीय अध्यक्षमहाराज, संगीत मंडळीचे चिटणीस आबासाहेब, मुंबईच्या हॉटेलात पियानो वाजवणारे आणि उद्या इथून निघणारे आपले पाहुणे इनास फुर्तादसाहेब, व्यासपीठावरची थोर माणसं, खाली बसलेली साधी माणसं, आणि दाराबाहेर पायरीवर उभा असलेला माझा भाऊ लहान्या, तारपा वाजवणारा, सगळ्यांना हात जोडते.

ही कोण, म्हणून पुढच्या रांगेत कुजबूज चाललीय. मी सुकरी. या हॉलची जमीन सारवते. फुर्तादसाहेब निरोपाचा हार घेईनात. म्हणाले, आधी आजी बोलेल, मग हार. म्हणून मी इथं उभी. तुम्हांला आवडलं नाही, तोंडावर दिसतंय. मला फार आवडलं.

आत्ताच आबासाहेब बोलले, "पाहुणे गुणी आहेत, पण चाल पाठ नाही. छापलेलं सुरू करतात आणि भलतीकडंच जातात." टाळ्या पडल्या. अहो, मी आठ दिवस सारवताना ऐकतेय. एकच गाणं, पण सोमवारी वाजवलं तसं मंगळवारी नाही. मलाही आधी वाटलं, बिचारा विसरतो. मग ध्यानात आलं, कितीही भटकला तरी हा दरवेळी त्याच दारात परत येतो. वाट विसरलेला माणूस रोज घरी कसा पोचेल? सांगा की!

मी विचारलंसुद्धा, "बाबा, समोर कागद आहे, तो का बघत नाहीस?"

म्हणाले, "आजी, कागदाला पाय नसतात. मी ऐकणाऱ्यांचे पाय बघतो."

हेच तर लहान्या चाळीस वर्षं करतोय! तारप्याला कुठला आलाय कागद? नाचणाऱ्यांचे पाय जड झाले की तो चाल हलकी करतो. पोरी फार उधळल्या की आवरून धरतो. साहेबांकडं याला जाझ म्हणतात म्हणे. म्हणोत.

गेल्या शनिवारची, साहेब आले त्या दिवसाची चूक आमचीच, कबूल. बैलगाडीतून पियानो उतरवून लहान्यानं आणि सात गड्यांनी आत आणला. आबासाहेबांनी सांगितलं होतं, भिंतीला लावा. यांनी ठेवला मधोमध. वाजवणारा भिंतीकडं तोंड करून बसतो हे आमच्यात कुणाला सुचायचंच नाही. तो मध्ये, बाकीचे भोवती, आणि त्याच्याकडं पाठ कुणी करायची नाही. आबासाहेब कडाडले, "गाढवांनो, हा काय तुमचा नाचाचा माळ आहे?" पण हलवायला वेळ कुठला, पाहुणे दारात! साहेबांनी बघितलं आणि हसले. "राहू दे असाच. आज मला सगळे दिसतील."

आणि दिसले! लहान्याचा पाय हलला, त्याचा ठेका साहेबांनी डाव्या हातात धरला. उजवा हात मग कुठल्या कुठं फिरून आला, पण डाव्यानं तो पाय सोडला नाही. काळी उठली. मी उठले. कमरेला हात घालून पियानोभोवती फेर धरला. आधी साहेब वळले तिथं आम्ही वळलो, पुढं आम्ही वळलो तिथं साहेब. काही ठरलं नव्हतं. दोन खुर्च्या पडल्या, ते खरं.

आबासाहेबांनी काय करावं? आपली खुर्ची उचलून फिरवली आणि वाजवणाऱ्याकडं पाठ करून बसले. साहेबांचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी निकाल लागला, पियानो भिंतीला आणि लहान्याला या हॉलचं दार बंद.

सकाळपासून तो तारपा घेऊन बाहेर उभा आहे. त्याच्यासारखा वाजवणारा त्याला उभ्या जन्मात एकच भेटला, आणि तो उद्या चालला. अध्यक्षमहाराज, भाषण थांबवून विचारते. येऊ द्या त्याला आत. साहेबांशेजारी एक चाल वाजवेल आणि जाईल.

आबासाहेब नको म्हणतात. आणि तुम्ही छताकडं बघताय. बरं.

मग साहेबांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं ते मी मोठ्यानं सांगते. पावसाळा सरला की पाहुणे परत येणार आहेत. या हॉलात नाही, आमच्या पाड्यावर. "पियानो राहू दे इथंच, भिंतीला. मी हातपेटी घेऊन येतो," म्हणाले. मी म्हटलं, बाबा, मधोमध बसा. तर म्हणाले, "मध्ये लहान्या. मी कडेला."

लहान्या, ऐकलंस ना रे?

मंडळीनं बोलावलं म्हणून असा माणूस आमच्या नजरेला पडला, त्याबद्दल मंडळीचे आभार, मनापासून. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर म्हातारीचं म्हणून सोडून द्या. सारवणात मात्र खोट काढू नका, ते चोख आहे. आबासाहेब, तुम्हीही या पाड्यावर. नागलीची भाकर वाढू. खुर्ची नाही आमच्याकडं, तेव्हा पाठ फिरवायची तर उभ्यानंच फिरवावी लागेल, आणि सगळा पाडा बघेल. दिवस ध्यानात ठेवा, दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस.