पेन्सिलीनं भरलेला अर्ज

— न्हाई न्हाई, उठू नको, बस तशीच. सर मीटिंगला गेलेत, तासभर तरी येत न्हाईत, आन पुस्तक न्यायला सर कशाला लागतेत, मी हाय की. फक्त हे धर जरा — हां, असं, पाठ माझ्याकडं करून — पुस्तकाची गं, तुझी न्हाई. लेबल वाकडं बसलं की सर कायबी बोलत न्हाईत, नुसतं बघतेत. त्यापरीस बोललेलं बरं. हां, सोड आता. तर काय इचारत हुतीस तू? लायब्ररीतली नोकरी कशी लागती. लागती की. मला लागलीच ना. दोन वर्षं झाली हितं.

तुझं काय, तू बी.ए. करतीस — थर्ड इयर ना? — तर तू पुढं बी.लिब. कर, एक वर्षाचं असतंय, मंग एम.लिब., मंग ती सेट का नेट असती ती, मंग सरांसारखी खुर्ची, डोक्यावर पंखा. माझं तसलं न्हाई. मी परिचर. पुस्तक काढायचं, लावायचं, पुसायचं, लेबल डकवायचं, कुनी पान फाडलं तर त्याच्याकडं बघायचं. ह्याला दहावी पास लागती आन लायब्ररीचं सर्टिफिकिट. शनिवार-रविवार वर्ग असतेत त्याचे, परीक्षा असती, प्रॅक्टिकल असतंय — पुस्तकं देतेत हातात आन म्हनतेत ह्याचा नंबर काढा. काढायचा. अवघड न्हाई. बाई, अवघड हे हाय की जागा निघाया लागती. आमच्या हितं बावीस वर्षांत एक जागा मोकळी झाली. कशी म्हनजे? मानूस गेल्यावर. दुसरी कशी हुनार.

आमचे हे हितंच हुते. ह्याच टेबलाला. त्या कपाटाच्या काचेवर चिठ्ठी हाय बघ, ‘हात लावू नये, मागावे’ — त्यांचंच अक्षर. मी काढली न्हाई, सर म्हनले राहू द्या. तर अनुकंपा म्हनतेत त्याला. नोकरीत असताना मानूस गेला तर घरच्या एकाला घेतेत, म्हनजे घेतीलच असं न्हाई, त्याच्यातबी नियम — शिक्षन पायजे, वय बसाया पायजे, घरच्या बाकीच्यांची हरकत नको. मूलबाळ न्हाई आमाला. सासूबाई हायत, त्यांनी ना-हरकतीवर अंगठा दिला, आन शाई पुसता पुसता म्हनल्या, लेकाची जागा हाय, धूळ बसू देऊ नको. बसू देत न्हाई. रोज पुसते. आन एक — मानूस नोकरीत असतानाच गेला पायजे. राजीनामा दिला, आजारपनात घरी बसला, रिटायर झाला — मंग न्हाई. हे ध्यानात ठेव. म्हनजे, तू कशाला ध्यानात ठेवायचं, तुला काय करायचं त्याचं. मी आपलं सांगते.

किडनी. दोन्ही. मंगळवारी आन शुक्रवारी मशीन असायची. सकाळी सातला घर सोडायचं, चार तास सुया टोचून पडायचं, दुपारी घरी, जेवायचं आन झोपायचं. त्या दोन दिवशी कालेजातनं रजा. बाकीचे दिवस डबा घेऊन हितं. डबा म्हनजे काय — अळनी. मीठ बंद, डाळ मापात, पानीसुद्धा मापात. मी पालेभाजी दोनदा उकळून पानी फेकायचे, मंग फोडनी. दोन वर्षं तसलं खाल्लं त्यांनी, एक दिवस ताट सरकवलं न्हाई. फक्त जेवताना बोलायचे न्हाईत. मशीनच्या दिवशी डाव्या हाताला दोन पट्ट्या असायच्या, सुयांच्या जागी. संध्याकाळी मी खोबरेल लावून त्या सोडवायचे, केस ओढू नयेत म्हनून. डॉक्टर म्हनले हुते, मशीन चुकवली न्हाई तर पाच वर्षं, आठ वर्षं, कुनी कुनी दहाबी काढतेत. म्हनजे मरायचंच हुतं असं न्हाई. लोक म्हनतेत सुटले. सुटले कशाला, नव्हते सुटायचे एवढ्यात.

माझं शिक्षन? नववी. पाथर्डीकडची मी, आईबाप ऊसतोडीला जायचे, नववीच्या दिवाळीला कोयता आला हातात, संपलं. मशीन लागल्यावर पैल्याच महिन्यात हे सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आले. म्हनले दहावी कर. ह्या वयात? मी म्हनलं येड लागलं का. म्हनले बस घरी त्यापेक्षा. केली. गनितात छत्तीस. मंग म्हनले आता लायब्ररीचं कर. तवा कळायला पायजे हुतं ना? कळलं हुतं. येवढी काय मी येडी न्हाई. पन आमी बोललो न्हाई त्याच्यावर, ते शिकवायचे, मी लिहायचे. पलंगावर पडून शिकवायचे. पुस्तक कशावर हाय ते आधी बघ, नावाला फसू नको. मराठी साहित्य आठशे एक्क्याण्णव पॉइंट चार सहा. शेती सहाशे तीस. आन मला पैला पाठ झालेला नंबर कंचा, सांगू? सहाशे सोळा पॉइंट सहा एक. किडनीचे आजार. त्यांनीच पाठ करून घेतला. म्हनले हा इसरनार न्हाईस तू.

चहा घेतीस? न्हाई? बरं.

आता वयाचं. आफिसात आदिनाथराव क्लार्क हायत ना, चष्मेवाले, त्यांना ह्यांनी सहज म्हनून इचारलं, आन आदिनाथरावांनी सहज म्हनून सांगितलं — पंचेचाळीस पुरी झाली की नाव यादीतनं कमी. आन ऑर्डर निघाया आठ-दहा महिने जातेत, तेवढे हातात ठेवून चाला. कुनाला सांगतोय, कशाबद्दल सांगतोय, त्या मानसाच्या ध्यानातबी न्हाई. घरी येऊन हे पंख्याखाली बसले आन म्हनले, तुझा दाखला काढ गं. काढला. एक जून. साल बघितलं, बोटं मोजली, दाखला परत पिशवीत ठेवला. त्याच आठवड्यात माझं सर्टिफिकिट आलं, तीस मेला, फर्स्ट क्लास. त्यांनी पेढे आनले, खाल्ला न्हाई त्यांनी, मला भरवला. आन एक अर्ज आनला. कोरा न्हाई, भरलेला. पेन्सिलीनं. आमच्यात पुस्तकावर नंबर पेन्सिलीनंच टाकतेत, माहिती हाय का तुला? पान उलटून बघ त्या हातातल्या पुस्तकाचं — हां, तिथं, बारीक. उद्या वर्ग बदलला तर खोडता आला पायजे. तसाच अर्ज. अर्जदाराचं नाव — माझं. शिक्षन — सगळं. नातं — पत्नी. मयत कर्मचाऱ्याचं नाव — ते पन भरलेलं, पुरं, आडनावासकट. हे काय म्हनलं, तर म्हनले सराव. खाडाखोड नको नंतर. फक्त तारखेची जागा मोकळी हुती. मयत झाल्याची तारीख.

आन आता गंमत ऐक, त्या एक जूनची. आमच्या वर्गात बत्तीस पोरं, त्यातली सव्वीस एक जूनची. शाळा उघडायच्या टायमाला बाप पोरगं घेऊन उभा राहतोय, तारीख कुनाला ठाव असती, मास्तर लिहितेत एक जून. हे सगळ्यांना माहिती हाय, ह्यात काय न्हाई. मला पन माहिती हुतं की दिवस खोटा हाय. साल खोटं आसंल असं कधी मनात आलं न्हाई. हे गेल्यावर आई आल्ती, तेराव्यापातुर राहिली. मी अर्ज वाचत बसलेली, वय मोठ्यानं वाचलं, तर आई म्हनती, एवढी कुठनं झालीस गं तू? तू पौषातली. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत झालीस. मास्तराला पट भरायचा हुता म्हनून तुला साडेचार वर्षांची असताना बसवली, सहाची लिहून. दीड वर्ष. दीड वर्षानं मी कागदावर थोरली. आदिनाथरावांना इचारलं, दुरुस्त हुतंय का — न्हाई म्हनले, दाखल्यावर हाय तेच खरं, आता काय उपयोग. म्हनजे तसं बी काय बदललं नसतं. कागदच खरा. पन मला आपलं वाटतं — दीड वर्ष म्हनजे किती मंगळवार हुतेत? मोजले हुते मी. सांगत न्हाई.

रडले? न्हाई. सगळे हेच इचारतेत. येतच न्हाई. दात काढल्यावर गाल कसा ऱ्हातोय, आपला असून आपला नसल्यासारखा, तसं हाय. चावलं तरी कळत न्हाई.

ऑर्डर आली एप्रिलमदी. पंचेचाळीसला दीड महिना राहिला हुता. पैल्या दिवशी सर म्हनले, बाई, आधी दाखल रजिस्टर बघून घ्या, नवीन पुस्तकं कशी चढवायची ते मागच्या पानांवरनं कळंल. हे बघ, हेच. आलेलं एकेक पुस्तक हितं चढतंय, नंबर, नाव, तारीख, शेवटाला सही. ही सही वाच. व्हय, कानिफनाथ. तू वाच, मी घेत न्हाई नाव. आता तारखा बघ. सहा जून. तेरा जून. वीस जून. कॅलेंडर काढून बघितले मी वार, तिन्ही मंगळवार. मंग तेवीस, सत्तावीस, तीस — शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. मस्टरवर त्या दिवशी आधीच टाकल्याली रजा, आन हितं सही. सरांना सांगितल्यालं, मशीन आता संध्याकाळी असती. हितं बसून पुस्तकं चढवत हुते. अक्षर बघ ना, सहा तारखेचं कसं हाय आन तीसचं कसं. ओळ सोडली न्हाई पन. तीस तारखेचं शेवटचं पुस्तक, मंग नऊ महिने कुनी कायबी चढवलं न्हाई, त्याच्या खालची ओळ माझी. चार जुलैला गेले. मंगळवारच.

तर मला हे असं कळलं. रजिस्टर बघून. हितंच, ह्या स्टुलावर बसून. तोवर मला काय ठाव, घरी यायचे पाच वाजता, म्हनायचे दवाखान्यात गर्दी लई हुती, मशीन उशिरा मिळाली. बाईमानसाला काय कळतंय मशीनचं. आपन ईश्वास ठेवायचा. मी खोबरेलाची बाटली घेऊन बसायचे आन —

पट्ट्या नव्हत्या.

सहा जूनला. मी हात घेतला मांडीवर, सवयीनं, आन पट्ट्या नव्हत्या. जुनी भोकं तेवढी, सुकलेली. त्यांनी हात ओढला न्हाई. मी तेल लावलं. नुसतंच, कोपरापातुर चोळलं, आन बाटलीला बूच लावलं. ते म्हनले, बरं वाटलं.

न्हाई, मला रजिस्टर बघूनच कळलं. सगळ्या तारखा, म्हन. सगळ्या तारखा तवा कळल्या.

मशीनच्या दिवशी डबा नसतोय, सांगितलं ना मी तुला. तेराला सकाळी ते निघाले, हातात दवाखान्याची फाइल, पायात चपला. आन मी डबा पुढं केला. मंगळवारी. कधी न्हाई ते. त्यांनी डब्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. म्हनले, भाजी कशाची? मी म्हनलं वांग्याची. आन त्यात मीठ घातलं हुतं मी. चांगलं, चवीपुरतं, जसं समद्यांच्या भाजीत असतंय. त्यांनी डबा घेतला. फाइल हुती तिथंच टेकवली, दाराच्या मागं. संध्याकाळी डबा धुवायला काढला तर पुसून खाल्ला हुता, बोटानं. दोन वर्षांत पैल्यांदा.

अर्जावर मी नुसतं पेन फिरवलं. तारीख तेवढी माझी.

तू अशी काय बघतीस? बी.लिब.चा फॉर्म जूनमदी निघतोय, आफिसात इचार. आन वय असतंय त्याला काय ते बघून घे. दे ते पुस्तक हिकडं, शिक्का मारते. सात दिवसांत आन. न्हाई, आता काय इचारू नको. ऊठ, मला खालचा कप्पा पुसायचाय.