पान थुंकून ये

मी साक्षीदारावर कधी आवाज का चढवत नाही, विचारता ना? ऐका मग. तीस-एकतीस सालची गोष्ट, मला नुकतीच वकिलीची सनद मिळालेली. रत्नागिरीच्या कोर्टात समोरच्या पक्षाकडून गलबतावरचा एक म्हातारा तांडेल साक्षीला उभा राहिला. एक गाल टम्म फुगलेला.

"आधी तोंडातलं पान थुंकून ये," मी दरडावलं.

तो बाहेर जाऊन आला. गाल तसाच.

"अजून काय आहे तोंडात?"

"आवाळू हाय, साहेब. धा वर्सं झाली. दुखत नाय."

"मग बाहेर कशाला गेलात?"

"तुमी सांगितलात म्हणून गेलो. थुंकलो पण."

कोर्टात कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. त्या माणसाला खोटारडा ठरवायचं काम माझ्याकडे होतं.