वायर उपटली तर?

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक प्रोग्रामर आणि त्याचा कोड तपासणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. त्याच्या लॅपटॉपला एक छोटा स्कॅनर जोडलेला होता आणि त्यात एक कागद स्कॅन होत होता.

"मॅडम, आता तरी माझा कोड पास करा. उद्या स्कॅनर बाजारात जायचाय आणि त्याला चालवणारा प्रोग्राम, आपला ड्रायव्हर, मस्त चालतोय."

"स्कॅन चालू असताना कुणी वायर उपटली तर?"

"कोण कशाला उपटेल?"

"उपटली तर?"

"तर सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, झोपेल आणि त्याच्यासोबत अख्खा लॅपटॉप. पण इतका बिनडोक माणूस अजून जन्माला यायचाय!"

"जन्माला येऊन एकाहत्तर वर्षं झालीत. आत कवळी बसवून घेताहेत."

"तुमच्या सासूबाई? काहीतरीच काय, मॅडम!"

"झालं गं माझं, सूनबाई. ऊठ आता. आणि ही वायर कसली वाटेत? अडखळून पडायचं माणूस!"

"आजी, नको, उपटू नका! गेला. लॅपटॉप गेला."

"चालू आहे हे मला कसं कळणार? साधा दिवासुद्धा लागत नाही तुझ्या या स्कॅनरला."

"अरे हो, दिवा माझ्याही नजरेतून सुटला. दोन्ही दुरुस्त कर. आणि तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव काढून सासूबाईंचं टाक."