काळी आमटी

धर्माजी : तुमाला न्हाईच पटायचं शेठाणी, आमच्या तळेघर गावातबी कुणाला पटलं न्हाई. पण आमची कारभारीण, साळू, पोटुशी व्हती तवा तिच्या आंगात येवढं लोखंड चढलं, की घिसाड्याच्या पालावरनं गेली की खिळे उडून लुगड्याला चिकटायचे!

सुमतीबाई : इतकी वर्षं आमच्या दुकानात नाचणी आणताय धर्माजी, आणि दर खेपेला नवी थाप. सिद्धी, तू ऐकता ऐकता घास घे बघू. सातवा लागलाय. रक्त असंच आठावर राहिलं तर पुण्याला नेऊन चढवावं लागेल, म्हणाल्या ना डॉक्टरीणबाई?

सिद्धी : त्या पालक खा म्हणाल्या, मम्मी. आपल्याला चातुर्मासात पालेभाजी चालत नाही. लोहाची गोळी घेतली की मळमळतं. आणि ही आमटी बघा की, काळीठिक्कर!

सुमतीबाई : लोखंडी कढईत आमसूल घालून उकळल्यावर काळी पडणारच. म्हणून तर माळ्यावर गेली होती कढई. काल या गुडघ्यांनी शिडी चढून काढली मी. माझा जिनेश सुरतेहून रोज एसटीडी करून विचारतो, सिद्धी जेवली का? काय सांगू तुझ्या नवऱ्याला?

धर्माजी : काळी हाय म्हणूनच खायाची, पोरी. साळू आशीच हुलग्याची आमटी वरपायची, नाचणीच्या भाकरीसंगं. घोडेगावच्या डाक्टरनं सुई टोचली, तर सुईच वाकली! डाक्टर म्हणला, बाई, तुमी आता लोहाराकडं जावा.

सिद्धी : काहीतरीच, बाबा!

धर्माजी : हसली! घ्या, हसण्यात एक घास गेलाबी.

सुमतीबाई : खा हं. मी चहा टाकते तोवर.

धर्माजी : ऱ्हाऊ द्या, शेठाणी. जेवणावर च्या वतला की खाल्लेलं लोखंड आंगी लागत न्हाई, आसं आमच्या नर्सबाई सांगत्यात. तासाभरानं द्या.

सिद्धी : मग बाळंतपण कसं झालं साळूकाकूंचं?

धर्माजी : कसलं बाळंतपण! सकाळी भात लावला, दुपारी बांधावर पोरगं झालं, सांजच्याला त्याला काखंत मारून परत चिखलात! पोरगं आसं वजनदार, पाळण्याची दोरीच तुटली. आन् साळू आपली हसतीया. लई हसायची ती.

सुमतीबाई : धर्माजी, पुरे आता.

सिद्धी : सांगू द्या त्यांना. बाबा, आता कुठं असतो मुलगा?

धर्माजी : हाय की... म्हमईला. गोदीत. एकटा जहाजं वढतोय.

सिद्धी : खोटं, बाबा. काकू त्याच दिवशी गेल्या. रक्त कमी पडलं, बाळही राहिलं नाही. मम्मींनी आधीच सांगितलंय मला, तरी तुमच्या गोष्टीतल्या हसऱ्या काकू ऐकायच्या होत्या... ती गोळी द्या इकडं. आणि अजून अर्धी भाकरी वाढा.